लाइनीत शिरलेलं पाणी

मेक्सिकोच्या आखाताच्या अमेरिकन किनाऱ्यावरच्या एका कंट्री म्युझिक स्टेशनचा ट्रान्समीटर मी सांभाळतो. ऑगस्टमधल्या त्या सकाळी पहिला फोन आला तो कोळंबीच्या बोटीवरून : गाण्यात खरखर येतेय. शहरात कुणाला काहीच जाणवलं नव्हतं. पॉवर उतरली की आधी कडेचे श्रोते तुटतात, आणि आमची कड समुद्रात आहे. स्टिरिओ एफएममध्ये खरखर मोनोपेक्षा फार लवकर डोकं वर काढते. त्यात कंट्री म्हणजे एक गिटार, एक गळा, मागे पेडल स्टील या आडव्या गिटारचा लांबत जाणारा सूर. रॉकच्या गोंगाटात खपून जाणारं इथे लगेच उघडं पडतं.

साइटवर मीटर 18 किलोवॉटऐवजी 4 दाखवत होता. एरवी पूर्ण पॉवरवर अँटेनाकडून जेमतेम 18 वॉट परत येतात; आता 4 किलोवॉटवरच 160 वॉट येत होते. म्हणजे एसडब्ल्यूआर (पॉवर किती परततेय ते सांगणारा आकडा; काहीच परतलं नाही तर 1) 1.5. एवढं झालं की ट्रान्समीटर जिवाच्या भीतीने स्वतःच पॉवर उतरवतो.

अशा वेळी अँटेनावर संशय घेऊन टॉवरवर माणूस चढवायची घाई होते. मी आधी डिहायड्रेटर बघितला, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत पॉवर नेणाऱ्या लाइनीत कोरडी हवा भरणारं यंत्र. कंप्रेसर एकसारखा धडधडत होता, लाइनीतला दाब 5 पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं एकक) 1 वर, आणि डब्यातलं ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल पार गुलाबी, म्हणजे ओलं. 3 1/8 इंची तांब्याची ही लाइन म्हणजे एकात एक दोन नळ्या, मधे पोकळ. आत कोरडी हवा दाबाने भरलेली असली की गळती बाहेरच्या दिशेने होते. जेल ओलं झालं की तोच कंप्रेसर समुद्राची दमट हवा आत ढकलतो, रात्री ती थंडावते आणि पाणी धरते. म्हणून दुखणं पहाटे सर्वांत जास्त.

वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, तेव्हा दिवसा स्टेशन बंद ठेवणं शक्य नव्हतं. 4 किलोवॉटवर दिवस काढला. (कमी पॉवर दहा दिवसांवर गेली तर एफसीसीला, म्हणजे अमेरिकेच्या प्रसारण नियामकाला, कळवावं लागतं.) मध्यरात्री प्रसारण थांबवलं, ब्रेकरला कुलूप घातलं, लाइनीत 5 पीएसआय नायट्रोजन भरला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारत निघालो. आइस ब्रिजखालच्या (टॉवरवरून पडणाऱ्या बर्फापासून लाइन वाचवणारं छप्पर) एल्बोवर, म्हणजे लाइनीच्या काटकोनी वळणावर, बुडबुडे आले. इथे बर्फ पडत नाही, तरी नाव तेच!

फ्लँज (सांध्याची बोल्टने जोडलेली कडी) उघडला तर अर्धा कप पाणी. ओ-रिंग (सांधा हवाबंद करणारी रबरी कडी) चपटी झालेली, आतल्या नळ्या जोडणाऱ्या कनेक्टरची बोटं काळवंडलेली, आतली नळी धरून ठेवणाऱ्या टेफ्लॉनच्या चकतीवर जळाल्याची तपकिरी रेघ. मूळ कारण वेगळंच निघालं : कधीतरी कुणी स्टेनलेसऐवजी साधे लोखंडी बोल्ट लावले होते. खाऱ्या हवेने ते खाल्ले आणि फ्लँज एका बाजूला सैल पडला.

कनेक्टर, चकती आणि ओ-रिंग नवी घातली. ग्रीस अगदी पातळ. जास्त झालं तर धूळ धरतं. बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आवळले. 150 मीटर लाइनीत साधारण 565 लिटर हवा मावते. ओली हवा बाहेर काढायला वरचं बूच (पर्ज प्लग) टॉवरवाल्याकडून उघडून तिप्पट नायट्रोजन सोडला. एक मोठा सिलिंडर पुरून उरला.

पॉवर 2, 5, 10, मग 18 अशी चढवली. दर टप्प्याला बंद करून एल्बोला हात लावून पाहिला. कोमट लागला तर सांधा अजून वाईट आहे समजायचं. गार होता. पहाटे 4:50 ला परतणारी पॉवर 17 वॉट.

जेल ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळं केलं. आता दर सोमवारी कंप्रेसर किती तास चालला तो आकडा वहीत लिहून ठेवतो; तो वाढला की कुठेतरी गळतंय.