एका गाडीला चार चालक

गेल्या वर्षी आमच्या नगरपरिषदेला नवी रुग्णवाहिका मिळाली. खरेदी, पासिंग, विमा सगळं वेळेत झालं. नारळ फुटला, फोटो निघाले आणि गाडी अग्निशमन बंबाशेजारी उभी राहिली ती सात महिने. चालकच नव्हता. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. बॅटरी उतरू नये म्हणून दर सोमवारी मी ती सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवायचो.

मी अग्निशमन विभागाचा प्रभारी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात मदतीला गेलो होतो, तेव्हा आमचा एकुलता चालक दोन दिवस गाडीतच झोपला होता. ते डोळ्यांसमोर होतं म्हणून रुग्णवाहिकेसाठी चार चालकांची मागणी पहिल्याच आठवड्यात टाकली. मुख्याधिकाऱ्यांची सही दोन दिवसांत झाली. मग फाइल एका टेबलावर गेली. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथून शेरा आला: "वाहन एक, चालक एक पुरेसा. अग्निशमनकडील चालकांचा वापर करावा."

खुलासा जोडून फाइल परत पाठवली. पुन्हा तोच शेरा, फक्त तारीख बदललेली. तिसऱ्यांदा मी स्वतः गेलो.

"साहेब, बंबाचा पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो. पुढे नळी धरलेल्या पोरांना पाण्याचा दाब कमी-जास्त करून द्यायला चालक पंपापाशीच लागतो. तो तिथून हलला तर त्यांच्या जिवावर बेतेल."

"आग नसते तेव्हा तर रिकामाच असतो ना?"

या प्रश्नाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे आंबा-काजूच्या बागांना वणवे लागतात. जांभ्याच्या गडग्यांमधल्या वाटेत बंब शिरत नाही, नळीला नळी जोडत आत जावं लागतं. एक वणवा अख्खी दुपार खातो. आणि पेशंट कोल्हापूरला न्यायचा म्हणजे घाट चढून तीन-साडेतीन तास, तिथे खाट मिळेपर्यंत थांबायचं, परत यायला तेवढेच तास. एक चालक त्यातच संपला. १०८ ची गाडी आहे, पण ती हायवेच्या अपघातावर गेलेली असली की लोक आमच्याकडेच धावतात.

या काळात मी एक वेगळी वही ठेवली. रुग्णवाहिका मागितली आणि देता आली नाही, असा प्रत्येक फोन त्यात वेळेसकट लिहायचा. एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी बंदराकडच्या वाडीतून एक मुलगा धापा टाकत आला. आजीला श्वास घेता येत नव्हता. आमचा रात्रपाळीचा चालक बंब घेऊन गेलेला. "काका, गाडी तर दारात उभी आहे!" तो म्हणाला. मी काय सांगणार? आजीला मासळीच्या टेंपोतून नेलं. ती वाचली. वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता.

शेवटी एका कागदावर हिशोब मांडला. आठवड्याच्या पाळ्या २१. साप्ताहिक सुटी धरून एक माणूस ६ पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं. त्यात रजा, आजारपण आलं की चार, तेही जेमतेम. मागे वहीच्या तीन पानांच्या झेरॉक्स लावल्या आणि फाइल त्या टेबलाकडे न देता थेट सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायची विनंती केली. विषय पंधरा मिनिटांत मंजूर झाला. हे आधी सुचलं असतं तर पाच महिने वाचले असते.

अशी मागणी करणाऱ्यांनी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, पाचव्या महिन्यात नव्हे. प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक घ्या, तोंडी आश्वासन फाइलवर येत नाही. चालक ठेक्यावर घेणार असाल तर जड वाहनाचा परवाना असलेलेच मागा, अडचणीत बंबही चालवता येतो. आणि हो, मागणी पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी द्या. माझी नंतर गेली होती, त्यामुळे तरतूद नसल्याचं कारण त्यांना आयतंच मिळालं.

आता चौघं आहेत, अकरा महिन्यांच्या ठेक्यावर. मुदतवाढीची फाइल मी गेल्या सोमवारीच वर पाठवली आहे. पाळ्यांचा तोच कागद पहिल्या पानावर लावलाय.