वाटी उचलून ठेवली

तहानलेल्या जिवापुढून पाणी काढून घ्यायचं म्हणजे काय, ते आज कळलं. आमचा बोंड्या, कुत्र्याचं एवढंसं पिल्लू, दुपारी कसाबसा उठला, भिंतीला अंग घासत कूलरपाशी गेला आणि खाली ठिबकलेलं पाणी चाटायला लागला. मी त्याला उचललं, फरशी कोरडी केली. त्याने माझ्याकडे पाहिलं. झालं ते एवढंच, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, उलट्या थांबेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि हे मे महिन्यात, नागपुरात! सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेलं तेव्हा तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पार्व्हो, पिल्लांच्या जिवावर उठणारा विषाणू. शरीरात जिथे पेशी भराभर तयार होतात तिथेच हा विषाणू घाला घालतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतल्या मगजावर. त्याला थेट मारणारं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि त्याचं शरीर लढायला उभं राहीपर्यंत त्याला तगवून धरायचं. पहिली लस झाली होती की! पण आईकडून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून ती 16 आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. हा नेमका मधल्या दिवसांत सापडला.

डॉक्टरांनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसलीच नाही, तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी इतकं आटलं होतं. मग पुढच्या पायावरचे केस काढून शीर शोधली, सुई गेली, वर चिकटपट्टी. सुई जाताना त्याने हूं की चूं केलं नाही. आणि घरी आल्यावर चार थेंब पाण्यासाठी माझ्याकडे तसं पाहिलं.

आजीच्या वेळी नर्सने ओला कापूस ओठांना लावायला सांगितलं होतं. ते आता नको.

सगळ्यांना सगळं सोपं आहे. ताई पुण्यातून फोनवर सूचना देते, आई देवापाशी बसते, बाबा त्याच्याकडे बघवत नाही म्हणून अंगणात फेऱ्या मारतात. नाही म्हणायचं काम तेवढं माझ्या वाट्याला. दर वेळी मीच का? त्याने रागाने बघावं ते माझ्याकडेच का? पण राग होता का तो? मला तर विचारल्यासारखं वाटलं. राग असता तर बरं झालं असतं.

कॉलेजात बाकावर शेजारी काटोलकडची एक आजी होती, पोट फुगलेली शेळी घेऊन आलेली. माझे डोळे बघून म्हणाली, "काहून रडतं वं माय? त्याले नाही समजत तं नाही समजत. तुले समजते ना?" तेव्हा मी नुसती मान हलवली. आता रात्री ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. खरंच, त्याला पटवून द्यायची सोयच नाही. पाणी त्याला मिळतंच आहे, पायातल्या शिरेतून, थेंब थेंब. ते जिभेला लागत नाही म्हणून त्याला ठाऊक नाही. त्याच्या लेखी मी पाणी ओढून घेणारी असेन तर असू दे. राग धरायला तरी तो उरायला हवा.

संध्याकाळपासून उलटी नाही. हिरड्या अजून फिकट आहेत, पण बोटाला आता तेवढ्या चिकट लागत नाहीत. असंच राहिलं तर चमच्याने पाणी सुरू करू, असं डॉक्टर म्हणालेत. फरशी ब्लीचने पुसून घेतली, 1 भाग ब्लीचला 30 भाग पाणी. नुसत्या फिनाईलचा या विषाणूवर भरवसा नाही आणि तो अंगणात महिनोन्महिने टिकतो.

इस्त्रीवाल्या भाऊंकडे त्याची दोन भावंडं आहेत, त्यांना एकही लस झालेली नाही. उद्या कॉलेजात जाण्याआधी चप्पल बदलून त्यांच्याकडे जायचं, फाटकाबाहेरूनच सांगायचं की पिल्लांना आमच्या गल्लीत सोडू नका. लसीला न्यायला त्यांना वेळ नसेल तर बाबांना पाठवते. नेतील ते.