करंगळीचा क्यू

पुण्यात एकांकिकांना लाइट करायचे तेव्हा क्यू, म्हणजे प्रकाश बदलायची खूण, शब्दावर असायचा. संहितेच्या समासात पेन्सिलीची खूण, नटाच्या तोंडून तो शब्द पडला की डिमर खाली. बुडापेस्टला येऊन नऊ वर्षं झाली. भाषा शिकले, आणि इथल्या नाटकांचे क्यूही कानांवरच घेते. मूकाभिनयाला मात्र समासच नसतो. खूण श्वासावर करावी लागते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या छोट्या थिएटरात ज्यांचा मूकाभिनयाचा प्रयोग झाला, त्यांचं नाव इथे घालत नाही. हंगेरियनमध्ये वडीलधाऱ्यांच्या नावापुढे ‘बाची’ लावतात, आपल्या ‘काका’सारखं. नुसतं बाची म्हणते. वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षांतले निवडक आठ तुकडे, एकच प्रयोग, शेवटी ‘भिंत’.

प्रकाशावरून पहिल्याच दिवशी माझं वाजलं. समोरून झगझगीत एलईडी मारायचे, असं व्यवस्थापनाचं म्हणणं, कारण तसं व्हिडिओत छान दिसतं. समोरून मारलं की पांढरा रंगवलेला चेहरा जळतो आणि हात कागदासारखे सपाट होतात, हे ह्या मंडळींना किती वेळा सांगायचं! दोन्ही विंगांत तीन-तीन साइड लाइट लावले: नडगीच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर. मागच्या काळ्या पडद्यावर थेंबभरही प्रकाश सांडू द्यायचा नाही. पडदा दिसला की भिंत गेली.

कारण भिंत हातात असते. हात हवेतून येताना बोटं सैल. टेकायच्या क्षणी मनगटात बारीकसा ठेका, आणि तळवा सपाट. तिथून पुढे तो हात जागचा हलायचा नाही, शरीरानेच त्याच्याभोवती फिरायचं. फ्रान्समध्ये एत्येन दक्रू यांनी मूकाभिनयाच्या ज्या शास्त्राची घडी बसवली, त्यातला हा स्थिर बिंदू. बाचींचा उजवा खांदा आता वर जात नव्हता, म्हणून सगळी भिंत डाव्या हाताने उभी करायची होती. तालमीत मी खुणेची पट्टी घेऊन बसले होते. तळवा तीन वेळा उचलून टेकला, तिन्ही वेळा बोटभरही फरक नाही.

तालमीनंतर चहा घेताना ते बोलले. 1962 मध्ये टीव्हीवर ‘की मित तुद’ नावाची हौशी कलाकारांची स्पर्धा सुरू झाली, मूकाभिनयालाही तिच्यात जागा होती. शेजाऱ्यांच्या घरी ती बघून हे वेड लागलं. त्या काळी कम्युनिस्ट सरकारने केलेले कलेचे तीन कप्पे: पाठिंबा, सहन, बंदी. हंगेरियनमध्ये तिन्ही शब्द ‘त’नेच सुरू होतात. बाची आयुष्यभर मधल्या कप्प्यात. गावोगावच्या संस्कृतिभवनांत प्रयोगाला परवानगी लागायची, परवानगीला संहिता. त्यांनी लिहून दिलं, “माणूस येतो. भिंत. माणूस जातो.” अधिकाऱ्याने विचारलं, भिंत कशाची? त्यांनी खाली लिहिलं, “विटांची.” शिक्का मिळाला. 1989 मध्ये ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं कुंपण उघडलं, त्यानंतर ‘भिंत’ कुणी मागेना. मग ते नटांना चालायला, बसायला, पडायला शिकवत राहिले.

प्रयोगाच्या रात्री शेवटचा तुकडा. डावा तळवा भिंतीवर टेकला, शरीर स्थिर झालं. तालमीत इथून बारा सेकंदांनी, श्वास सुटला की अंधार. बारा झाले. वीस झाले. श्वास सुटला नाही. तिसाव्या सेकंदाला हेडफोनमध्ये स्टेज मॅनेजर म्हणाली, “मोश्त!” म्हणजे ‘आता’. ती कामाची चोख आहे, पण घड्याळाची माणूस. त्यांना पुढचं आठवत नाहीये, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. मी बटण दाबलं.

लोक उठले. टाळ्या हळूहळू एका ठेक्यात आल्या. इथे ह्याला लोखंडी टाळ्या म्हणतात, सहजी मिळत नाहीत. बाचींनी तीनदा वाकून नमस्कार केला. नंतर मी रंगपटात गेले. ते क्रीम लावून चेहरा पुसत होते. मी विचारलं, लवकर झालं का? त्यांनी आरशातूनच बघितलं, डाव्या हाताने माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि पुन्हा पुसायला लागले.

रेकॉर्डिंग मी आजवर कितीतरी वेळा पाहिलंय. विसरलेल्या नटाचे डोळे इकडेतिकडे शोधतात. त्यांचे शोधत नव्हते. अंधार होण्याआधीच्या शेवटच्या सेकंदात छाती भरून वर येते आणि डाव्या हाताची करंगळी, फक्त करंगळी, भिंतीवरून सुटते. बाकीची चार बोटं टेकलेलीच. पन्नास वर्षं ज्या भिंतीवर तो हात जसाच्या तसा टेकला, तिच्यावरून ते बोट त्या रात्री उचललं गेलं.

त्यापुढे काय होतं, ते बाचींना एकदा सरळ विचारायचंय. दोनदा त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलेय.