तराईला पाणी कुठून आणायचं?

ठाण्याहून सकाळची कसारा लोकल, आसनगावला उतरायचं, शहापुरातून टमटम आणि शेवटचा डांबर नसलेला तुकडा चालत. पहिल्या खेपेला पाड्यावरच्या औषधी बागेसाठी माझ्या पिशवीत अडुळसा, शतावरी आणि गवती चहाची रोपं होती. शिवाय एक लॅमिनेट केलेला तक्ता: कुठल्या दुखण्याला कुठली वनस्पती. पाड्यावरच्या आजीने तो हातात घेतला, निर्गुडीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही तर मागं वढ्याला हाय." तक्ता मी परत कधी नेला नाही.

रोपांबद्दल तिचं म्हणणं वेगळंच होतं. "लावू की. पन पानी कोन घालंल?"

मुंबईची तहान भागवणाऱ्या धरणांपैकी भातसा आणि तानसा याच शहापूर तालुक्यात आहेत. ठाण्यातल्या माझ्या नळालाही भातसा नदीचं पाणी येतं. आणि इथे एप्रिल-मेमध्ये टँकर. हे वाचलेलं होतं, पण रिकाम्या हंड्यांच्या रांगेशेजारी उभं राहून रोपं वाटायची म्हणजे लाज वाटते.

म्हणून आमच्या गटाने औषधी बाग बाजूला ठेवली आणि अंगणवाडीच्या पत्र्यावरचं पाणी साठवायला 5000 लिटरची फेरोसिमेंट, म्हणजे जाळीवर पातळ सिमेंट गिलावा केलेली, टाकी बांधायचं ठरवलं. हिशोब सोपा आहे. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी. आमचं छप्पर 30 चौरस मीटर, म्हणजे 100 मिलिमीटरच्या दिवसाला साधारण 3000 लिटर. ऑक्टोबरात भरलेली टाकी रोज 20 लिटर वापरली तर 250 दिवस जाते, म्हणजे मुलांच्या पिण्यापुरतं पाणी मेअखेरपर्यंत. अख्ख्या पाड्याला ती पुरणार नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकलं.

काम जानेवारीत उरकायचं होतं. ग्रामपंचायतीचा ठराव हातात यायला मार्च संपला, आणि तिथेच फसलो. वेल्डमेशचा सांगाडा, त्यावर कोंबडी जाळी, एका सिमेंटला तीन वाळूचा गिलावा, जेमतेम इंचभर जाडी. हे सगळं दोन दिवसांत झालं. पण एवढ्या पातळ गिलाव्याला निदान आठवडाभर तराई हवी, म्हणजे तो सतत ओला ठेवायला हवा, आणि पाणी साठवायच्या टाकीला पाजायला पाणीच नाही! बायकांनी हंड्यातलं थोडंथोडं दिलं, आम्ही गोणपाटं भिजवून टाकीला गुंडाळली. तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. दुपारी गोणपाट कडक वाळलं होतं, हात लावला तर टोचायचं. मी तेव्हा ठाण्यात होते. हे मला संध्याकाळी फोनवर कळलं.

जूनमध्ये तोटीच्या सांध्याजवळ पाझर निघालाच. टाकी रिकामी करून सिमेंटची स्लरी दोनदा फिरवली, तेव्हा थांबला.

बागेचं काय? शतावरी शेळ्यांनी संपवली. अडुळसा आजीने कुंपणालाच लावून घेतला होता, कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. गुळवेलीचा हातभर तुकडा तिने नुसता कडुनिंबाच्या फांदीवर टाकला. महिन्याभरात त्याला कोंब आले आणि खाली दोऱ्यासारखी मुळं लोंबायला लागली. मी मात्र गुळवेलीचा काढा कुणाला सुचवत नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं; आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आमच्याबरोबर येणारे निवृत्त वैद्य नाडी बघूनच काय ते सांगतात, आणि साप चावला की काढा-बिढा काही नाही, थेट रुग्णालय.

छपरावरचं पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नसतं, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. त्याची नळी आजीने अडुळशाकडे वळवून घेतली आहे.

दुसऱ्या टाकीची जाळी आणून ठेवली आहे. यंदा गिलावा डिसेंबरात, विहिरीला पाणी असताना.