दात सोडून सगळं

आज कोथरूडमध्ये दातांची पूर्ण तपासणी करून घेतली. डॉक्टरबाईंनी बराच वेळ दाताला हातच लावला नाही! आधी शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे प्रश्न. मग मान आणि जबड्याखाली गाठी चाचपल्या, कानापुढे बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं. जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा पाहिल्या, जिभेखाली, गालाच्या आतून. तंबाखू-मिश्रीवाल्यांमधला पांढरा चट्टा असाच वेळेत सापडतो म्हणे.

मग हिरड्या. खुणा केलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हळूच आत सरकवायची आणि असिस्टंटला आकडे सांगायचे, "दोन, तीन, दोन... पाच." आकडा म्हणजे दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली: एक ते तीन मिलिमीटर ठीक, त्याच्या पुढे काळजी. लिलावात बसल्यासारखं वाटत होतं, फक्त बोली वाढू नये ही प्रार्थना.

एक्स-रे शेवटी, कारण दोन दातांमधली कीड वरून सहसा दिसत नाही.

"दुखत नाही ना, मग कशाला?" म्हणणारे आमच्या सोसायटीत पुष्कळ. अहो, हिरड्यांचा आजार सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही! मिश्री लावणाऱ्या आत्याला शनिवारी नेणार आहे. ती अजून "हो" म्हणालेली नाही.