अकरावीचं वर्ष ओकायामात

अकरावीत असताना मी एक्सचेंज प्रोग्रॅममधून वर्षभर जपानला, ओकायामाला राहिले. पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ज्या कोराकुएन बागेवरून केलंय ती बाग याच शहरात आहे. ओळखीतली मुलं आणि त्यांचे आईबाबा बरंच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

कागदपत्रांचं आधी सांगते. ज्यांनी बोलवलंय त्यांनी तिकडच्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं सर्टिफिकेट काढायचं, ते आपल्याकडे आलं की मग व्हिसाचा अर्ज. कान्साई एअरपोर्टवर उतरलं की रेसिडन्स कार्ड हातात देतात आणि राहायचं ठिकाण ठरलं की १४ दिवसांत तिथल्या महापालिकेत पत्ता नोंदवायचा. होस्ट फॅमिली सोबत येते, काही टेन्शन नाही.

खाण्याचं मात्र जड गेलं. मी शाकाहारी, आणि तिथं नुसती भाजी दिसली तरी ती ज्या दाशीत, म्हणजे चवीसाठी काढलेल्या सूपसारख्या पाण्यात, शिजते ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं असतं. होस्ट आईला काही सुचेना, शेवटी घरातली आजी म्हणाली की देवळातलं जेवण असतं तसं करू, म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळलेले शिताके मशरूम भिजवून त्याचं दाशी. त्या जेवणात कांदा-लसूणसुद्धा नसतो, अगदी आपल्या नैवेद्यासारखं! मी इतके दिवस धरून चालले होते की हे सोवळ्याचं प्रकरण फक्त आपल्याकडेच.

शाळेत तास संपले की मुलंच वर्ग झाडतात, जिने पुसतात, आमच्या शाळेत टॉयलेटची पाळीपण मुलांवरच होती. सुरुवातीला मला खूप अवघडल्यासारखं झालं, कारण पुण्यात शाळेचं टॉयलेट धुणाऱ्या मावशींशी मी कधी धड बोललेसुद्धा नव्हते. तिथं डॉक्टरची मुलगी आणि मी शेजारी शेजारी ब्रश घेऊन उभ्या, कुणालाच काही वाटत नव्हतं. आपल्याकडे हे काम ठरावीक लोकांच्याच वाट्याला का येतं हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथं पडला. तिथं सगळं आदर्श आहे असंही नाही हं, क्लबमध्ये सिनियर-ज्युनियर इतकं कडक की एक वर्ष मोठ्या मुलीशीपण अदबीनंच बोलायचं, ते मला शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि ऑगस्टमधला ओबोन! पूर्वज घरी येतात असं मानतात. होस्ट दादा ओसाकाहून आला, आम्ही सगळे कबरीवर गेलो, आजीनं दगड ओल्या फडक्यानं घासून घासून धुतला, कोपऱ्यातलं शेवाळ बोटानं काढलं, मग फुलं, उदबत्ती. घरी देव्हाऱ्यासारखं बुत्सुदान असतं त्यासमोर ओकायामाचे पांढरे पीच ठेवले, आजोबांना फार आवडायचे म्हणून. संध्याकाळी गल्लीत नाच, पोरांचा नुसता धिंगाणा. आपल्या पितृपक्षात खरेदी नको, शुभकार्य नको, घरात एक प्रकारची धास्ती असते, आणि इथं तीच माणसं येणार म्हणून आनंदीआनंद! दोन्हीकडे मायेचीच माणसं, फक्त त्यांच्याशी वागायची रीत वेगळी. परत आल्यावर मी बाबांना पानावर कुणासाठी काय वाढतो ते एकेकाचं नाव घेऊन सांगायला लावलं, तेव्हा कळलं पणजीला तिखट थालीपीठ आवडायचं. आता आमच्याकडे पानात ते असतंच.

अभ्यासाचं म्हणाल तर तिथं शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपलं जूनला, त्यामुळे माझं वर्ष गेलं आणि बारावी मी धाकट्या बॅचबरोबर केली. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. जाणार असाल तर हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या इथंच पक्कं करून जा, आणि फॉर्मवर नुसतं शाकाहारी लिहू नका, माशाचं दाशीपण चालत नाही असं स्पष्ट लिहा.