आई-बाबांचं बीपी आणि आम्ही

आज ऑफिसात तपासणी शिबिर होतं. माझं बीपी १३८/८८ निघालं. पट्टा सोडता सोडता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कुणाला आहे?" म्हटलं, दोघांनाही. मग त्यांनी उठूच दिलं नाही. पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर. पुन्हा मोजलं तर १३२/८४. (आधी मी जिना चढून, चहा ढोसून, वर गप्पा मारत बसलो होतो.)

बीपीचं एकच एक जनुक नसतं म्हणे, शेकडो जनुकं थोडी थोडी भर घालतात. माणसामाणसांच्या बीपीत जो फरक असतो, त्यातला साधारण ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा मानतात. आई-वडील दोघांनाही असेल तर मुलांचा धोका आणखी वाढतो.

उरलेल्यातलं बरंचसं ताटातून येतं. आमच्याकडे पानात डावीकडे मीठ, लोणचं, पापड, शिवाय आमटीवर वरून चिमूट. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आमचा तेवढा कोटा दुपारीच संपत असणार.

संध्याकाळी ताईला फोन केला. "मला काय धाड भरलीय? डोकंबिकं काही दुखत नाही माझं." अगं, दुखत नाही हीच तर गोम आहे! रविवारी बाबांचं यंत्र घेऊन तिच्याकडे धडकतोय. बारावीतल्या भाच्याचंही मोजणार, चिप्सचं पाकीट बाजूला ठेवायला लावून. ताई चिडेल. तिचं तेवढं चिडायच्या आधी मोजून घ्यायला हवं.